डाव्या कानात सांगितलेलं

कारखान्यात मला सगळे अस्वलबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण पाठ वळली की म्हणतात. रागवायला मला तोंड नाही, कारण बावीस वर्षांपूर्वी मी कापडाचं एक अस्वल केलं, ते हातोहात खपलं, आणि तेव्हापासून मी अस्वलंच करते आहे. डॉक्टर अस्वल, पोलीस अस्वल, स्वयंपाकी अस्वल, चष्मा लावून पुस्तक वाचणारं अस्वल. टोपी बदलायची, खिसा बदलायचा, आत पोट तेच. लोकांच्या लक्षात येत नाही असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. त्यांच्या लक्षात येत होतं, ते फक्त माझ्या वयाकडे बघून गप्प बसत होते.

मालकीणबाई मात्र गप्प बसल्या नाहीत. एका सोमवारी त्यांनी मला आणि कटिंगमास्तरांना केबिनमध्ये बोलावलं.

"महिनाअखेरपर्यंत एक नवीन खेळणं द्या," त्या म्हणाल्या. "अस्वल नको. नाही जमलं तर नमुन्यांची खोली बंद करावी लागेल. तयार डिझाइन बाहेरून घेता येतात हल्ली."

नमुन्यांची खोली म्हणजे आम्ही दोघंच. मी चित्र काढते, पुठ्ठ्याचे साचे करते आणि पहिला नग शिवते. मास्तर साच्यावरून कापड कापतात. मास्तरांचं वय अठ्ठावन्न, गळ्यात नाडीला बांधलेली कात्री, आणि हात असा की डोळे मिटून कापलं तरी कड वाकडी जायची नाही. मी बावन्न. आम्हाला आता दुसरीकडे कोण उभं करणार? केबिनमधून बाहेर पडताना मास्तर नेहमीसारखे काही विनोद करतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसता घसा खाकरला.

आणि वर मालकीणबाईंनी आमच्यासाठी एक शिकवणारी बाई ठरवली होती. बाई कसली, पोरगीच, माझ्या पुतणीच्या वयाची. ती चित्रं शिकवत नव्हती, शिवणही नाही. ती लिहायला शिकवायची.

"आम्हाला लिहायचं नाहीये," मी म्हटलं, "शिवायचंय."

"माहीत आहे मला," ती हसून म्हणाली. "रोज सकाळी चार मिनिटं. या एवढ्याशा कार्डावर. 'मला आठवतं' असं लिहायचं आणि पुढे तुमच्याच आयुष्यात खरंच घडलेली एक गोष्ट. पाचच ओळी. त्यातून काही शिकवण काढायची नाही, छान दिसेल असं लिहायचं नाही. आणि एकाने दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही."

"त्याने खेळणं कसं होणार?"

"होईलच असं नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही बावीस वर्षं एकाच फडताळातून कपडे काढताय. दुसरी फडताळं उघडून बघा ना."

मी नाक मुरडलं. मास्तरांना मात्र हे फारच आवडलं. चार मिनिटांचा गजर लावायचे, जिभेचं टोक बाहेर काढून लिहायचे आणि संपलं की कार्ड शर्टाच्या खिशात घालून वर थोपटायचे. माझी पहिली तीन कार्डं मी इथे सांगते, म्हणजे माझी पातळी कळेल. पहिलं: 'मला आठवतं, मी जन्मले. नंतर अस्वलं केली.' दुसरं: 'मला आठवतं, काल बस उशिरा आली.' तिसऱ्यावर मी एक अस्वल काढलं.

चौथ्या दिवशी काय झालं कोण जाणे. मला शाळेतला फळा पुसायचा ओला फडका आठवला, त्याचा वास आठवला, आणि तो फडका मी वर्गातल्या एका मुलीच्या दप्तरात घातला होता तेही आठवलं. ती रडली होती. मी कबूल केलं नव्हतं. पाच ओळी लिहून झाल्यावर मला जरा धापच लागली. पाचव्या दिवशी काकांच्या सायकलची घंटी आठवली, सहाव्या दिवशी माझा पडलेला दात. एवढंसं कार्ड, पण जागा कमी म्हणून नटवायला वाव नाही. गजर चालू असल्यावर खोटं बोलायलाही सवड मिळत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

खेळणं मात्र काही सुचत नव्हतं. महिना निम्मा सरला.

नवव्या दिवशी माझी कोरी कार्डं संपली होती. मी पुठ्ठ्याचा एक उरलेला तुकडा उचलला. पोटाचा साचा कापून उरलेला, लांबोळका, एका टोकाला निमुळता. गजर लावला आणि लिहिलं:

'मला आठवतं, धाकट्याला ताप आला आणि त्याचा डावा कान गेला. तो पाच वर्षांचा, मी आठ. आम्ही एका गादीवर झोपायचो. मी त्याच्या त्या कानाला तोंड लावून माझी गुपितं सांगायचे. कुणाला तरी सांगितल्यासारखं व्हायचं आणि कुणाला कळायचं नाही.'

गजर वाजला तरी मी तशीच बसून राहिले. हे मी चव्वेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सुद्धा नाही. हातांना गप्प बसवत नाही, म्हणून मी कात्री घेतली आणि त्या तुकड्याचे टोचणारे कोपरे गोल करून टाकले. ही आमच्या धंद्याची खोड आहे, पुठ्ठा दिसला की कोपरा मारायचा. तेवढ्यात मालकीणबाई खोलीत आल्या. लिहिलेलं कुणाला दिसू नये म्हणून मी तो तुकडा समोरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये, एका चिंधीखाली सरकवला आणि त्यांच्या मागे केबिनमध्ये गेले. "काही सुचलं का?" हे त्यांनी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी तिन्ही वेळा "होतंय" म्हटलं.

आता त्या ट्रेबद्दल सांगायला हवं. आमच्या खोलीत एकच कायदा आहे आणि तो मीच केलेला आहे. ट्रेमध्ये जो साचा असेल त्याचे चाळीस तुकडे कापायचे. विचारायचं नाही, थांबायचं नाही. मास्तर पूर्वी दर साच्याला येऊन शंका काढायचे आणि माझं डोकं फिरायचं, म्हणून हा कायदा.

मी परत आले तर टेबलावर तपकिरी फरच्या कापडाचे चाळीस तुकडे रचून ठेवलेले. लांबोळके, एका टोकाला निमुळते, कोपरे गोल.

"हे काय आहे मास्तर?"

"ट्रेमधला साचा."

"अहो, ते माझं कार्ड होतं!"

"कार्ड आहे ते कळलं की मला," मास्तर शांतपणे म्हणाले. "वर तुमचं अक्षर होतं, ओळी होत्या. पण दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही असं त्या बाईंनी सांगितलंय. म्हणून मी ते पालथं घातलं आणि मग आखलं."

"कार्ड आहे हे कळलं, तरी कापलंत?"

"ट्रेमध्ये होतं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या फरचा तो शेवटचा तागा होता. मी मास्तरांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दोन्ही कायदे पाळले हो मी. आता दोन कायदे एकमेकांच्या अंगावर आले, त्याला मी काय करू?"

मी फणकाऱ्याने खुर्चीत बसले आणि त्यातला एक तुकडा हातात घेऊन चुरगाळत राहिले. फर मऊ होती. तुकडा मधोमध दुमडला गेला. दुसऱ्या कुणाला तो काय वाटला असता ते माहीत नाही, कदाचित जीभ, कदाचित बुटाचा तळवा. पण त्या आकारावर मी काय लिहिलंय ते माझ्या डोक्यात होतं, त्यामुळे मला तो कानच दिसला. मिटलेला कान.

फडताळात एक भरलेलं, गोल, बिनचेहऱ्याचं डोकं पडलं होतं. त्याला उजवीकडे मी एक छोटा, उभा, उघडा कान लावला. डावीकडे तो लांब तुकडा दुमडून, त्याच्या कडा एकमेकींना शिवून, खांद्यापर्यंत लोंबता सोडला. दोन डोळे लावले. तोंड लावायला सुई घेतली आणि थांबले. तोंड नकोच.

"मास्तर, इकडे या. याच्या बंद कानात काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"जे कुणाला सांगत नाही ते."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मग ते डोकं दोन्ही हातांत उचललं, खिडकीपाशी गेले, पाठ वळवली आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे ओलसर होते. "हे चालेल," ते म्हणाले. "पोरांना हे हवंच असतं. मोठ्यांना जास्त हवं असेल."

त्या दिवशी आम्ही जेवायला उठलो नाही. संध्याकाळपर्यंत अंग, पाय, आखूड शेपूट, सगळं झालं. कुठला प्राणी आहे ते मलाही सांगता आलं नसतं, पण अस्वल नव्हतं हे मी शपथेवर सांगते. बावीस वर्षांनी माझ्या हातून असं काहीतरी निघालं होतं की मला ते घरी न्यावंसं वाटलं.

मालकीणबाईंनी ते उलटसुलट करून बघितलं. "डावा कान चुकलाय," त्या म्हणाल्या. "दुकानदार परत पाठवतील. दोन्ही सारखे करा."

मी आजवर त्यांच्याशी कधी वाद घातला नव्हता. त्या दिवशीही घातला नाही, नुसता तो पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हे लेबलवर छापा," त्या म्हणाल्या. "याच ओळी. गळ्यात अडकवलेल्या लेबलवर. मग कान चुकलाय असं कुणी म्हणणार नाही. हे वाचूनच लोक घेतील. पण लेबलाशिवाय मी हे खेळणं काढणार नाही. आणि शुक्रवारपर्यंत सांगा, पुढच्या आठवड्यात महिना संपतोय."

मास्तरांनी बाहेर आल्यावर माझा हातच धरला. इतकी वर्षं एका खोलीत काम केलं, त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. "वाचलो बाई आपण," ते म्हणाले. मी हात सोडवून घेतला. कारण त्या ओळी एकट्या माझ्या नव्हत्या.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काम करतो. एक कान गेलेला आहे हे तो लपवून ठेवतो, लहानपणापासून ठेवत आलाय. शाळेत मुलं मुद्दाम डावीकडून हाक मारून हसायची, तेव्हापासून. दुकानात त्याने आपलं काउंटर असं निवडलंय की डावीकडे भिंत येते. त्याच्या मालकालाही माहीत नाही. आणि मी ते हजारो लेबलांवर छापायला निघाले होते. लेबलवर त्याचं नाव नसलं म्हणून काय झालं? कारखान्यात मला सगळे ओळखतात, मला भाऊ एकच आहे हेही सगळ्यांना माहीत आहे.

शिवाय आणखी एक होतं. कार्डावर मी 'माझी गुपितं' एवढंच लिहिलं होतं. कुठली, ते पाच ओळींत बसलं नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते लिहायची छाती झाली नाही. धाकट्याला ताप होता तेव्हा आई कामावर जायची आणि दुपारचं औषध मी द्यायचं असं ठरलं होतं. तो ते थुंकायचा, रडायचा, माझा खेळ बुडायचा. म्हणून दोन दुपारी मी ते मोरीत ओतलं आणि आईला दिलं म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी त्याचा कान गेला. ते त्याच्या त्याच कानात मी सांगितलं होतं, आणि जगात दुसऱ्या कुणाला नाही. एवढ्या वर्षांत आमचं कधी भांडण झालं नाही, पण मी त्याच्याकडे फारशी गेलेही नाही. वाढदिवसाला फोन, आजारपणात फोन. कामं असतात, असं मी म्हणायचे.

गुरुवारी दुपारी दोन बस बदलून मी त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. तो फडक्याने काचा पुसत होता.

"ताई? तू इथे? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. हे वाच. मग हवं तर शिव्या दे."

मी पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. खोली बंद होणार, चार मिनिटांची 'मला आठवतं' कार्डं, मास्तर, लेबल, शुक्रवार. "तू नाही म्हणालास तर मी छापणार नाही," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी करू. नाही जमलं तर नाही."

त्याने वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. लहानपणी रडायच्या आधी व्हायचा तसा. मला वाटलं, संपलं. आता हा मला दुकानातून घालवून देणार.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"कुठलं?"

"'कुणाला कळायचं नाही' हे." त्याने पुठ्ठा खाली ठेवला. "कान एकदम नाही गेला गं. कमी कमी होत गेला. पूर्ण गेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. लांबचं यायचं नाही, पण तू अगदी तोंड लावून बोलायचीस. तेवढं ऐकू यायचं."

मी काउंटरला धरून उभी राहिले.

"सगळं?"

"फडक्याचं. सायकलची घंटी तू काढून लपवलीस त्याचं." तो थांबला. "औषधाचं पण."

मी रडायला लागले. सरळ सांगते, भर दुपारी, आरशांनी भरलेल्या दुकानात, चारी बाजूंनी स्वतःला बघत रडले. तो काउंटरच्या बाहेर आला आणि मला स्टुलावर बसवलं.

"नोकरी लागल्यावर मी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो," तो म्हणाला. "विचारलं त्यांना. ते औषध नुसतं ताप उतरवायचं होतं. त्याने कान वाचला नसता. तू दिलं असतंस तरी हेच झालं असतं."

"अरे, मग मला सांगायचं नाहीस? इतकी वर्षं मी..."

"लहानपणी सांगितलं असतं तर तुला कळलं असतं की मला ऐकू येतं. मग तू माझ्याशी तसं बोलणं बंद केलं असतंस. घरात माझ्याशी तसं दुसरं कोण बोलायचं?" त्याने नाक पुसलं. "मोठेपणी सांगायचं होतं. तू आलीच नाहीस. आलीस की घाईत. फोनवर कसं सांगणार असलं?"

मी त्याची माफी मागितली. औषधाची मागितली, आणि न येण्याची जास्त मागितली. तो म्हणाला, "पुरे आता, गिऱ्हाईक येईल." पण स्वतः शेजारचं स्टूल ओढून बसला आणि दोन गिऱ्हाइकांना त्याने बसल्या जागेवरून "थोडं थांबा हं" म्हणून सांगितलं.

मग त्याने नंबर लिहायच्या वहीतला एक कागद फाडला. "किती मिनिटं असतात म्हणालीस?"

"चार."

"आणि सुरुवात 'मला आठवतं'?"

"हो."

त्याला चार मिनिटंही लागली नाहीत. कागद घडी करून त्याने माझ्या हातात दिला. "छापायचं तर हे छाप," तो म्हणाला. "तुझं नको. तुझ्यात चूक आहे."

बसमध्ये मी तो कागद उघडला नाही. दुसऱ्याचं कार्ड वाचायचं नाही हा कायदा मी मोडणार नव्हते, ते आता मालकीणबाईच पहिल्यांदा वाचणार होत्या. शुक्रवारी सकाळी मी तो त्यांच्या टेबलावर ठेवला. मास्तर माझ्यामागे दारात उभे होते. मालकीणबाईंनी तो मोठ्याने वाचला:

'मला आठवतं, ताई माझ्या डाव्या कानात गुपितं सांगायची. तिला वाटायचं, मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू यायचं. मी कुणाला सांगितलं नाही. मी तिची वाट बघायचो.'

मालकीणबाईंनी कागद नीट घडी करून मला परत दिला.

"लेबलवर हेच छापा. कान आहे तसा राहू दे," त्या म्हणाल्या. "पहिली खेप दोन हजार नगांची. मास्तर, त्या तपकिरी फरचे आणखी तागे मागवा."